केसाळ मंडळींचा शेवटचा दौरा

५ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. दिवसभर मी दवाखान्यात लोकांच्या कानात बारीक शिट्ट्या सोडते आणि त्यांना ऐकू येतात का ते बघते. संध्याकाळी घरी आल्यावर माझ्याच कानांना कुणाचा आवाज सोसत नाही. शिवाय तू फोनवर ओरडतोस. बाबांनी तुझं नाव भोंगा उगाच ठेवलं नव्हतं.

आज पत्राला निमित्त मिळालं. केसाळ मंडळी शेवटच्या दौऱ्यावर निघालीत. वर्तमानपत्रात पानभर फोटो आहे. बाबांनी त्यांचं हे बारसं केलं तेव्हा पाचही जणांचे केस कमरेपर्यंत होते. आता पाचांचे मिळून एक वेणी व्हायची नाही. फोटोखाली लेख आहे: जुन्या रॉक बँडांची एवढी कीर्ती खरी की फुगवलेली? वाचकांनी मतं कळवावीत. मी माझं मत तुलाच कळवते.

फुगवलेली. त्या काळातले सगळे बँड घे. दोन चांगल्या रेकॉर्ड काढायच्या आणि जन्मभर त्यांच्यावर जगायचं. मध्ये एकानं मरायचं, उरलेल्यांनी भांडायचं, मग म्हातारपणी गळ्यात गळा घालून परत यायचं. केसाळांच्या पहिल्या रेकॉर्डमधल्या निम्म्या चाली कुठल्या तरी गरीब म्हाताऱ्या गिटारवाल्यांच्या आहेत, आणि त्यांची नावं पाकिटावर बारीक अक्षरांतसुद्धा नाहीत. ड्रमवाला बरा. गिटारवाला एकच ओळ वेगवेगळ्या वेगानं वाजवतो. आणि तुझा तो गायक! चार सूर आणि उघड्या छातीचा शर्ट, एवढ्या भांडवलावर त्यानं जग जिंकलं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

त्याच वेळी ते तिघे भाऊ गात होते, ज्यांची एकच रेकॉर्ड आपल्याकडे होती. ती लावली की बाबासुद्धा वर्तमानपत्र खाली ठेवायचे. आज त्या तिघांना कोण ओळखतं? गुणावर कीर्ती मिळत असती तर जग वेगळं दिसलं असतं.

तू अजून बंदरावरच्या त्याच हॉटेलात, तोच केसांचा टोप घालून, दर शनिवारी त्यांचीच गाणी गातोस ना? आत्या गेल्यावर तू आमच्याकडे आलास तेव्हा एवढासा होतास आणि स्वतःच्या चाली रचायचास. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून मला ऐकवायचास. ती गाणी कुठे गेली? सगळी उमेद तू दुसऱ्याच्या गाण्यांवर घालवलीस. हे मी भांडायला लिहीत नाही. नुसतं विचारते.

इकडे नवीन काही नाही. वरच्या मजल्यावरचं कुटुंब घर सोडून गेलं, त्यामुळे आता डोक्यावर पावलंही वाजत नाहीत. रविवारी मी रेडिओ लावून ठेवते. ऐकत नाही, पण घरात दुसरं कुणी बोलतंय असं वाटतं.

तुझी ताई


२० फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून आपण दोघं रेकॉर्ड-प्लेअरच्या दोन बाजूंना बसलोय असं वाटलं. तू सुई उचलतेस आणि मी परत ठेवतो.

तुझे सगळे मुद्दे मान्य, निकाल अमान्य. केसाळांनी चाली उचलल्या, खरं आहे. कंपनीनं पैसा ओतला, तेही खरं. पण मी काय सांगतो ते ऐक. लोक एखादं गाणं दहा वेळा ऐकून मत देतात. मी त्यांची गाणी इतक्या वेळा गायलोय की मोजणं सोडून दिलं. जेवणाऱ्या लोकांपुढे गायलोय, भांडणाऱ्या जोडप्यांपुढे गायलोय, ताप असताना गायलोय, एकदा तर पाहुणे आलेच नाहीत म्हणून रिकाम्या खुर्च्यांपुढे गायलोय. गाणं फालतू असतं तर एवढ्यात माझ्या तोंडात त्याचा चोथा झाला असता. काहींचा झालाच. तिसऱ्या रेकॉर्डचं तर नावच काढू नकोस. पण सात-आठ गाणी आहेत, ती अजून संपत नाहीत. प्रत्येक वेळी एखादं वळण असं येतं, की हे इथे होतं आणि मला दिसलं कसं नाही, असं वाटतं. कीर्ती खोटी असेल, पण ती सात-आठ गाणी खरी आहेत. एका बँडनं आणखी काय द्यायचं?

तुझ्या तिघा भावांचं म्हणशील, तर ते गुणी होते. पण एकाच रेकॉर्डवर थांबले. त्यांना चुकायला वेळच मिळाला नाही. केसाळ आपल्यासमोर चुकले, सुटले, म्हातारे झाले. तेवढं उघडं पडायलाही छाती लागते. (शर्टाबद्दल बोलत नाही.)

माझं ठीक चाललंय. टोप उन्हाळ्यात खाजतो.

आता एक काम सांगतो, नाही म्हणू नकोस. दौऱ्यातला त्यांचा एक कार्यक्रम तुझ्या शहरात आहे, नऊ मार्चला, मैदानावर. तिकीट सोबत पाठवतोय. कुणीतरी मला दिलं, आणि मला इथून हलता येत नाही. तू जा. शेवटपर्यंत बस, मधेच उठू नकोस. नीट कान देऊन ऐक आणि जे वाटेल ते मला लिही. माझं मन राखायला काही लिहू नकोस.

खरंच जा, ताई.

भोंगा


१२ मार्च

प्रिय भोंग्या,

गेले. एवढ्या गर्दीत एकटीनं जायची माझी पहिलीच वेळ. शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त पोस्टमन होते, आपल्या मुलीबरोबर आलेले. त्यांच्याकडे छोटी दुर्बीण होती. सगळे माझ्याच वयाचे किंवा जास्त. अर्धे लोक मी आठवड्याभरात तपासलेल्या कानांचे असावेत असं वाटलं.

तू म्हणालास मन राखू नकोस, तर ऐक. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण हा डोंगर मैदानाच्या पार टोकाच्या खुर्चीवरूनही साजरा नव्हता. गिटारवाला एका उंच स्टुलावर बसून वाजवत होता. ड्रमवाला त्यांचा नाहीच, कुणाचा तरी पुतण्या आहे म्हणे. गायक आला तेव्हा लोक उभे राहिले आणि बऱ्याच जणांनी डोळे पुसले. मीसुद्धा क्षणभर हलले, खोटं कशाला बोलू.

मग तो गायला लागला आणि मी चकित झाले. आवाज तरुण होता. वरचे सूर असे लागत होते की जणू रेकॉर्डच. पोस्टमन म्हणाले, "बघा बाई, ह्याला म्हणतात देणगी." मला मात्र चैन पडेना. माझं आयुष्य कान तपासण्यात गेलंय. म्हातारा गळा वरच्या पट्टीत गेला की थरथरतो, त्याला इलाज नाही. हा आवाज थरथरत नव्हता. तो बोलायचा तेव्हा म्हातारा, गायचा तेव्हा तरुण. आडात नाही तर पोहऱ्यात आलं कुठून?

मी पोस्टमनची दुर्बीण मागून घेतली. स्टेजच्या उजव्या बाजूला, स्पीकरच्या काळ्या भिंतीआड, एक माणूस उभा होता. काळे कपडे, काळी टोपी, दाढी, तोंडासमोर माइक. सूर वर चढला की त्याचे खांदे वर जायचे. आणि पुढे तो म्हातारा नुसतं तोंड हलवत होता.

तुझे केसाळ दुसऱ्याच्या गळ्यानं गातात, भोंग्या. भाडोत्री माणूस अंधारात उभा करतात आणि टाळ्या स्वतः घेतात. मी दुर्बीण परत दिली आणि पोस्टमनना काहीच सांगितलं नाही. ते इतके खूश होते.

एक गंमत सांगते. शेवटच्या गाण्यात तो भाडोत्री चुकला. रेकॉर्डमध्ये ती ओळ सरळ वर जाते आणि तिथेच थांबते. ह्यानं ती वर नेली आणि मग जिना उतरल्यासारखी पायरी-पायरीनं खाली आणून सोडली. कुणाच्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, बरं झालं, निदान चूक तरी त्याची स्वतःची होती.

तर वाद मिटला. जिच्यासाठी आवाजही उसना आणावा लागतो ती कीर्ती कसली? तू निदान टोप घालून गातोस आणि समोरच्यांना माहीत असतं की हा टोप आहे. त्यांच्यापेक्षा तू प्रामाणिक. हे मी कौतुक म्हणून लिहिते आहे, तसंच घे.

तुझी ताई


३० मार्च

ताई,

पत्र मिळालं. तू गेलीस, बसलीस, बारकाईनं ऐकलंस, सगळं नीट कळवलंस. आभार.

तू म्हणतेस ते बरोबर असेल.

फक्त एक विचारतो. तो जो अंधारात गात होता, तो गात कसा होता, ते तू लिहिलं नाहीस.

भोंगा


१८ एप्रिल

माननीय बाईसाहेब,

आपण आमच्या हॉटेलच्या पत्त्यावर आपल्या बंधूंना पाठवलेलं दिनांक ६ एप्रिलचं पत्र न उघडता सोबत परत पाठवत आहे. आपले बंधू मागच्या वर्षीच इथलं काम सोडून गेले. हॉटेलनं शनिवारचा गाण्याचा कार्यक्रम बंद केला असून ते सभागृह आता कंपन्यांच्या बैठकांना देतात. माझ्या आधी स्वागतकक्षात ज्या बाई होत्या त्या त्यांची पत्रं पुढच्या पत्त्यावर पाठवत असत, असं समजतं. त्यांची बदली झाल्यामुळे मला ही व्यवस्था माहीत नव्हती. खणात तो पत्ता सापडला, तो खाली देत आहे. एका कार्यक्रम कंपनीचं कार्यालय आहे.

आपल्या बंधूंचा केसांचा टोप सामानाच्या खोलीत आहे. हवा असल्यास कळवावं. मी त्यांना पाहिलं नाही, पण इथले वाढपी अजून त्यांची आठवण काढतात. ते वाढप्यांना नावानं हाक मारायचे, असं सांगतात.

कळावे,
स्वागतकक्ष


२४ एप्रिल

भोंग्या,

हॉटेलनं माझं पत्र परत पाठवलं. त्यांनी दिलेल्या पत्त्यावर हे लिहिते आहे. त्या पत्त्यावर जे कंपनीचं नाव आहे तेच तू पाठवलेल्या तिकिटाच्या मागे छापलेलं आहे. तिकीट मी फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं. आज ते काढून उलटं केलं.

तो तू होतास.

आज दवाखान्यात एका आजोबांना काचेच्या खोलीत बसवलं. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मी शिट्टी वाजवलेली नसतानाही ते बटण दाबत होते, पुन्हा पुन्हा. असे बरेच येतात. ऐकू यावं अशी इतकी इच्छा असते की त्यांना नसलेलं ऐकू येतं. माझं नेमकं उलटं झालं. तू समोर गात होतास आणि मला सगळं ऐकू आलं, सूर, पट्टी, चूक, खांदे. तू तेवढा ऐकू आला नाहीस.

तू विचारलंस तो कसा गात होता. परत आलेल्या पत्रात मी त्याचं उत्तर लिहिलं होतं. काय लिहिलं होतं ते विचारू नकोस. ते पत्र तुझ्यापर्यंत पोचलं नाही, एवढं एक बरं झालं.

तू मला आधी का नाही सांगितलंस? कुठे राहतोस? जेवतोस कुठे? दाढी कधी वाढवलीस?

ताई


९ मे

ताई,

रडू नकोस. रडली नसशील तर उत्तमच. तू मला ओळखलं नाहीस हे माझ्या कामाचं सर्टिफिकेट आहे. मी त्याच्यासारखा गायचा पगार घेतो. माझ्यासारखा ऐकू आलो असतो तर नोकरी गेली असती. पहिले काही दिवस मला वाईट वाटलं, हे खरं. आता नाही.

कागदावर सही केली आहे की कुणाशी बोलणार नाही. पत्र लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

झालं असं. हॉटेलनं कार्यक्रम बंद करायचं ठरवलं त्या आठवड्यात ह्या कंपनीचा एक माणूस तिथे उतरला होता. गाणं झाल्यावर टेबलापाशी बोलावून म्हणाला, "डोळे मिटले तर तोच." मला वाटलं चेष्टा करतोय. महिन्याभरानं मी एका गोदामात केसाळांसमोर उभा होतो. टोप नेला नव्हता. तिथे सगळे टकले.

म्हातारा (मी त्याला मनात म्हाताराच म्हणतो, त्याला कळत नाही) कोपऱ्यात पाठ करून बसला होता. मी गायलो. तो वळला नाही. गाणं संपल्यावर नुसता म्हणाला, "तिसरी ओळ तू माझ्यापेक्षा चांगली म्हणतोस." मी आभार मानले. "मी तक्रार करतोय," तो म्हणाला.

त्यानंतर तो माझ्याशी फारसा बोलला नाही. मला राग येत नाही. रोज संध्याकाळी आपलाच तरुणपणाचा आवाज दहा हातांवर उभा असलेला बघायचा, हे सोपं नसणार. कार्यक्रमाआधी तो बोळातून जाताना माझ्याकडे न बघता विचारतो, "आज कुठपासून?" म्हणजे कुठल्या ओळीपासून मी घ्यायचं. दौरा सुरू झाला तेव्हा फक्त वरचे सूर माझे होते. आता जवळजवळ सगळंच.

मी बसमध्ये सामानवाल्यांबरोबर असतो. जेवायला मिळतं. गावोगावी एकसारख्या खोल्या, एकसारख्या चादरी. सकाळी उठून आपण कुठल्या गावात आहोत ते टेबलावरच्या कागदावर बघावं लागतं. सामानवाली मुलं चांगली आहेत, पण त्यांना माझ्याशी काय बोलावं कळत नाही. मी मजूर नाही आणि कलाकारही नाही. लोक ज्या आवाजासाठी रडतात तो माझ्या घशातून निघतो, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात साबण घेताना दुकानदार म्हणतो, "काल काय गायला हो तो म्हातारा." मी म्हणतो, "हो ना."

तू विचारलं होतंस, माझी स्वतःची गाणी कुठे गेली. तुला जी चूक वाटली ना, जिना उतरणारी, ती चूक नव्हती. ती माझ्या चालीतली ओळ आहे, पायरीवर बसून म्हणायचो त्यातली. तू आलीस म्हणून त्या दिवशी तिथे घातली. एवढ्या मोठ्या मैदानात कुणीतरी एकानं ओळखावं असं वाटलं. साउंडवाला चांगलाच तापला दुसऱ्या दिवशी. मी म्हणालो, घसा घसरला.

पण वाद मिटलेला नाही. तू म्हणतेस आवाज उसना म्हणजे कीर्ती खोटी. मी रोज आतून बघतो. आवाज माझा असतो, पण ती सात-आठ गाणी त्यांची आहेत. ती नसती तर माझ्या आवाजाला उभं राहायला जागाच नव्हती. आणि त्यांना माझा आवाज नसता तर? तो प्रश्न मी स्वतःला विचारत नाही.

शेवटचा कार्यक्रम चौदा जूनला आहे, पार दुसऱ्या टोकाला. तू येऊ नकोस, फार लांब आहे, आणि तू एकदा ऐकलं आहेसच.

भोंगा


१५ जून

प्रिय भोंग्या,

मी आले होते.

तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास, म्हणून सांगितलं नाही. दवाखान्यातून रजा काढली, एक दिवस आणि एक रात्र रेल्वेत बसले, आणि ह्या वेळी स्वतःची दुर्बीण विकत घेतली. खुर्चीवर बसल्यापासून ती मी उजव्या बाजूच्या स्पीकरवरून हलवली नाही. पहिल्या गाण्याला तुझे खांदे दिसले आणि मी शेजारच्या अनोळखी बाईंना म्हणाले, "तो माझा भाऊ आहे." त्यांना वाटलं मी स्टेजवरच्या कुणाबद्दल तरी बोलते आहे. त्या म्हणाल्या, "भाग्यवान आहात."

सगळी गाणी मी तुझी म्हणून ऐकली. तो कसा गात होता, ह्या तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर आता देते: तू फार चांगला गातोस. त्याच्यासारखा गातोस तेव्हाही श्वास तुझाच असतो. पहिल्यांदा मला तो कळायला हवा होता.

मग शेवटचं गाणं आलं. मी जिना उतरायची वाट बघत होते. म्हातारा स्टेजच्या कडेला चालत आला, तुझ्या बाजूला, आणि त्यानं साउंडवाल्याकडे बघून गळ्यावरून हात आडवा फिरवला. मला आधी कळलं नाही. तो पुन्हा मध्ये गेला, गिटार सुरू झाली, आणि तो गायला. स्वतः.

काय आवाज होता म्हणून सांगू. गंजलेली बिजागरी. पहिला उंच सूर लागला नाही, त्यानं खालून धरला. दुसऱ्याला फाटला. लोकांनी साथ द्यायला सुरुवात केली तर त्यानं हात वर करून थांबवलं. एवढं मोठं मैदान गप्प झालं. तो श्वास घ्यायला थांबायचा, मध्येच शब्द सोडायचा, आणि ज्या ओळीवर सगळं अवलंबून आहे ती त्यानं गायलीच नाही, नुसती बोलला. आपल्याच माणसाशी बोलावं तशी. जी ओळ मी लहानपणापासून छाती काढून ओरडण्याची ओळ समजत होते, ती मुळात एका माणसाची दुसऱ्याला "थांब ना" अशी विनवणी आहे, हे मला काल कळलं.

भोंग्या, मी तुझ्यासाठी आले होते आणि रडले त्याच्यासाठी. मला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तूच म्हणाला होतास मन राखू नकोस. मी हरले. सगळे नाहीत, तिसरी रेकॉर्ड नाही, उचललेल्या चालीही नाहीत. पण हा माणूस आणि ते गाणं, एवढ्यांनी आपली कीर्ती काल कमावली. आधी कमावली होती की नव्हती ते आता विचारायची गरज नाही.

त्या वेळी तू काय करत होतास ते मला दिसलं नाही. डोळ्यांत पाणी असलं की दुर्बिणीचा काही उपयोग नसतो.

नंतर मी मागच्या फाटकाशी उभी राहिले. ट्रक बाहेर पडत होते. पहारेकऱ्यानं विचारलं कोण हवंय. तुझं नाव सांगितलं. त्यानं यादी बघितली, तुझं नाव त्यात नव्हतं. मी म्हणाले, "गाणारा." तो म्हणाला, "गाणारा तर कधीच गेला, बाई, गाडीनं." मग मी आणखी काही म्हणू शकले नाही, कारण तुझी ती सही मला आठवली. शेवटचा ट्रक गेल्यावर त्यानं फाटक लावून घेतलं.

आता मी परतीच्या गाडीत आहे, अक्षर त्यामुळे असं हललंय. दौरा संपला. कुठे जायचं ठरलं नसेल तर घरी ये. ठरलं असेल तरी आधी घरी ये. तू घरात ओरडलास तरी चालेल.

तुझी ताई


१५ जून

ताई,

सकाळ झाली आहे. बस डेपोच्या बाकावर बसून लिहितोय. सामानवाली मुलं आपापल्या गाड्यांनी गेली. मला अजून कुठलं तिकीट काढायचं ते ठरवता आलेलं नाही, म्हणून आधी तुला पत्र लिहून घेतो.

काल संपलं. आणि शेवट मी धरून चाललो होतो तसा झाला नाही. शेवटच्या गाण्याआधी म्हातारा माझ्यापाशी आला. नेहमी विचारतो "आज कुठपासून", म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तो म्हणाला, "आज राहू दे." आणि माझा माइक बंद करायला लावला.

मग तो स्वतः गायला. कसा गायला ते पत्रात सांगता यायचं नाही. घसा पार गेलेला आहे त्याचा, सगळं उघडं पडलं. पण मी ते गाणं इतकी वर्षं गातोय आणि ते मला येत नाही, हे मला काल तिथे उभं असताना समजलं. मी सूर गात होतो. गाणं त्याच्याकडेच होतं, एवढे दिवस शर्टाच्या आतल्या बनियनसारखं त्यानं ते घातलं होतं.

मी काय केलं विचारशील. मी गायलो. बंद माइकपुढे, पूर्ण गाणं, तोंड उघडून, वरच्या सुरांसकट. शेवटी माझी ओळही जोडली. स्पीकरच्या भिंतीमागे इतका आवाज असतो की मलासुद्धा मी ऐकू आलो नाही. ते गप्प राहणं मला जमलं नाही, एवढंच.

कार्यक्रम झाल्यावर तो सगळ्यांशी हात मिळवत बोळातून चालला होता. माझ्यापाशी थांबला. दौऱ्यात पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे नीट बघितलं.

"तू गात होतास," तो म्हणाला. "मला तुझा गळा हलताना दिसला."

मी म्हणालो, "हो."

"चांगलं झालं का?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "तुमचाच आवाज फार होता."

तो हसला. मग त्यानं माझा हात हातात धरून ठेवला, जरा जास्तच वेळ, आणि पुढे गेला. त्याला घ्यायला गाडी आली होती. मला मागच्या बसमध्ये सामानवाल्यांबरोबर लगेच बसवून दिलं, ट्रकांच्याही आधी.

दोन दिवसांनी मी कंपनीच्या कार्यालयात एकदा जाईन. तिथे माझी एक पेटी आहे आणि कुणाचं पत्र आलं असेल तर ते. त्यापुढचं बघू.

तू नव्हतीस ते एका परीनं बरंच झालं. एवढ्या लांब येऊन तुला माझा एक सूरही शेवटी मिळाला नसता. पण काल तू तिथे असतीस ना, तर त्या म्हाताऱ्याचं ऐकून तूसुद्धा मानलं असतंस की ही मंडळी कीर्तीला पात्र आहेत. लहानपणापासूनचा आपला वाद मी काल जिंकलो, ताई, आणि ते ऐकायला तू नव्हतीस.

तुझा
भोंगा